आवडलेल्या नकाशात 'किरकोळ' फेरफार करण्याआधी पायऱ्या मोजा

तुमचा प्रश्न वाचताना काही वर्षांपूर्वी मीच तो विचारला होता की काय, असे क्षणभर वाटले. तुम्हाला एक तयार दुमजली नकाशा पसंत पडला आहे. त्यातला हॉल ४ मीटरऐवजी ५ मीटर रुंद हवा आहे, खालच्या मजल्याची उंची थोडी वाढवायची आहे, प्लॉटला जुळावा म्हणून सगळा नकाशा डावा-उजवा उलटून घ्यायचा आहे आणि हे सारे 'किरकोळ फेरफार' असल्याचे नकाशा काढून देणाऱ्यांनी तुम्हाला सांगितले आहे. हाच शब्द मलाही ऐकवण्यात आला होता, म्हणून इतके सविस्तर लिहिते आहे. मातीची तपासणी, बांधकाम परवानगी, हद्दीपासून सोडायची जागा या गोष्टी तुम्ही पाहिल्याच असतील असे धरते. मी वास्तुविशारद नाही आणि अभियंताही नाही, एक घर बांधून त्यात राहणारी बाई आहे. तेव्हा खाली दिलेले आकडे घेऊन तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जा आणि निर्णय त्यांच्याशी बोलूनच घ्या.

आधी जिन्याविषयी, कारण आमचे सर्वांत मोठे नुकसान तिथे झाले. मूळ नकाशात खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंतची उंची ३ मीटर होती आणि मध्ये लँडिंग असलेला, दोन सारख्या टप्प्यांचा जिना होता. प्रत्येक टप्प्यात ९ चढ (एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना चढायची उंची म्हणजे एक चढ), म्हणजे एकूण १८. प्रत्येक चढ साधारण १६७ मिलिमीटरचा आणि पाऊल ठेवायची रुंदी २७० मिलिमीटर. दोन चढांची उंची आणि एका पायरीची रुंदी यांची बेरीज ६०० ते ६३० मिलिमीटरच्या आसपास असावी, असा एक जुना ठोकताळा आहे. सतराव्या शतकातल्या फ्रान्स्वा ब्लाँदेल या फ्रेंच वास्तुविशारदाच्या नावाने तो ओळखला जातो. त्या हिशेबाने मूळ जिना ६०४ वर बसत होता, म्हणजे ज्याने तो आखला त्याने विचार करून आखला होता. आम्हाला हॉल उंच हवा होता, म्हणून आम्ही मजल्याची उंची ३.४५ मीटर करून मागितली.

उंची ४५० मिलिमीटरने वाढली की जिन्याचे काय होते, हे आज मला झोपेतही सांगता येईल. चढ साधारण पूर्वीइतकाच ठेवायचा तर १८ ऐवजी २० चढ लागतात. दोन्ही टप्प्यांत एकेक पायरी वाढते आणि प्रत्येक टप्पा २७० मिलिमीटरने लांबतो. ही लांबी कुठून तरी यावी लागते: लँडिंगमधून, वरच्या पॅसेजमधून, किंवा जिन्याची संपूर्ण जागाच मोठी करून. जिन्याची जागा मोठी केली की तिला लागून असलेली खोली लहान होते आणि वरच्या स्लॅबमधला मोकळा भाग वाढतो, मग त्याच्या कडेची तुळई सरकते. एका आकड्याचा बदल असा अख्ख्या घरातून फिरून येतो.

ज्या कार्यालयाकडून आम्ही फेरफार करून घेतले (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही), तिथे हे कोणीही मोजले नाही. त्यांनी घराच्या उभ्या छेदाच्या चित्रावर, म्हणजे घर वरून खाली कापले तर आत जसे दिसेल त्या चित्रावर, जिथे ३००० लिहिले होते तिथे ३४५० असा आकडा टाइप केला आणि रेषा होत्या तिथेच राहू दिल्या. संगणकावर काढलेल्या नकाशात माप हे रेषेला बांधलेले असते आणि रेषा हलवली की आकडा आपोआप बदलतो. पण त्या आकड्यावर हाताने दुसरा आकडा लिहून ठेवायची सोयही त्यात असते आणि घाईत असलेला माणूस नेमकी ती वापरतो. कागदावर सगळे सुबक दिसते. मी पानापानावर सही केली. चित्रात पायऱ्या अठराच होत्या. त्या मोजायला अर्धे मिनिटही लागले नसते, पण मी तेव्हा खिडक्या कशा दिसतात ते बघत होते.

वरचा स्लॅब पडला, जिन्याच्या मोकळ्या जागेच्या कडेची तुळई ओतून झाली, लँडिंगबाहेरची भिंत उभी राहिली आणि मग मिस्त्रींनी त्या भिंतीवर पेन्सिलीने पायऱ्या आखायला घेतल्या. एकदा आखल्या, पुसल्या, पुन्हा आखल्या आणि मला हाक मारली, "ताई, यात पायरी बसत नाही." कार्यालयाला फोन केला तर उत्तर आले की आहे तेवढ्या जागेत बसवून घ्या, थोडी उंच होईल इतकेच. तशी ती बसवली. चढ १९२ मिलिमीटरचा झाला. सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटखालचा आधाराचा साचा, निघाल्यावर आई पहिल्यांदा वर निघाली, तेव्हा सहाव्या पायरीवर थांबून तिने भिंतीला हात लावला आणि माझ्याकडे बघितले. बोलली काहीच नाही. तो जिना आम्ही फोडला.

दुसऱ्यांदा २० चढ बसवले, पण टप्प्याची लांबी तितकीच असल्यामुळे पायरीची रुंदी २४० मिलिमीटरवर आली. लँडिंग कापावे तर १ मीटरचे ७३ सेंटिमीटर उरत होते आणि त्यावरून पलंग काय, कपाटही वळले नसते. खालचा टप्पा ११ चढांचा आणि वरचा ९ चढांचा, असे असमान टप्पे करणे हा बरा उपाय होता आणि एका अभियंत्याने तो नंतर सुचवलाही. पण तसे केले असते तर पहिल्या दोन पायऱ्या खालच्या स्वच्छतागृहाच्या दारासमोर आल्या असत्या. नकाशा कागदावर असताना ते दार सरकवणे हे खरोखरच किरकोळ काम होते. आज आई उतरताना पाऊल तिरके टाकते, कारण सरळ ठेवले तर बोटे पायरीबाहेर येतात.

या सगळ्यावर त्या कार्यालयाचे म्हणणे असे होते की छेद आम्ही वेगळा मागितलाच नव्हता, तो मूळ संचातला म्हणून सोबत जोडला होता आणि शिवाय त्यावर आमची सही होती. आकारणी पानागणिक होती, त्यामुळे जे पान बदलायला सांगितले तेवढेच बदलले, हे त्यांचे तर्कशास्त्र. पण कोणत्या बदलामुळे कोणती पाने बदलावी लागतात, हे सांगण्यासाठीच तर आपण जाणकाराकडे जातो! प्रत्येक दुरुस्तीला दोन आठवडे, प्रत्येक वेळी समोर नवा माणूस आणि प्रत्येकाचे पहिले वाक्य 'हो, होऊन जाईल'. सगळीच कार्यालये अशी असतात असे मी म्हणत नाही. मात्र जिथे एकाही बदलाला कोणी 'थांबा, बघून सांगतो' म्हणत नाही, तिथे मी आता पुन्हा पाऊल ठेवणार नाही. एवढी तक्रार पुरे.

आता तुमचा हॉल. रुंदी ४ मीटरवरून ५ मीटर, म्हणजे कानाला फक्त एक मीटर. परंतु मीटरमागे भार तितकाच धरला तर तुळईला वाकवणारा परिणाम लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दीडपटीहून थोडा अधिक होतो आणि त्याच आकाराच्या तुळईचा झोळ लांबीच्या चौथ्या घाताने, म्हणजे जवळजवळ अडीचपट वाढतो. त्यामुळे तुळई अधिक खोल करावी लागते आणि ती खाली उतरली की उंच हॉलची हौस तिथे थोडी खर्ची पडते. याहून सहज निसटणारी गोष्ट म्हणजे वरच्या मजल्यावरची भिंत. आज ती खालच्या भिंतीवर उभी आहे. खालची भिंत एक मीटर सरकली की वरची अधांतरी येते आणि तिच्यासाठी स्लॅबखाली वेगळा आधार द्यावा लागतो. दोन्ही मजल्यांचे नकाशे पारदर्शक कागदावर छापून एकावर एक ठेवा. भिंती, खांब आणि स्वच्छतागृहे कुठे एकमेकांना सोडून जातात ते ताबडतोब दिसते.

उलटून घेण्याविषयी माझे मत तुमच्या कार्यालयापेक्षा फारसे वेगळे नाही. मापे बदलत नसल्यामुळे तो तिन्हींपैकी सर्वांत सोपा बदल आहे. तरी घराचे तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला असेल आणि तेच राहिले तर सकाळच्या उन्हाच्या खोल्या दुपारच्या उन्हात जातात, हे एकदा खोलीगणिक लिहून पाहा. सांडपाण्याची वाहिनी प्लॉटच्या कोणत्या बाजूला आहे तेही पाहा, कारण नळाला ४० ला १ असा उतार द्यायचा तर ८ मीटर लांबीत २० सेंटिमीटर खाली जावे लागते. आणखी एक, आरशात पाहिल्यासारखी उलटी अक्षरे असलेली पाने स्वीकारू नका, सगळा संच सुलट अक्षरांत नव्याने काढून घ्या. वास्तुरचनेची पाने उलटलेली आणि सळ्यांची पाने जुनीच, असा संच कामावर पोहोचला तर काय होईल याची कल्पना तुम्ही करू शकता.

जाता जाता दोन-तीन गोष्टी. संपूर्ण नकाशा 'दहा टक्के मोठा' करून देतो असे कोणी म्हटले तर नको म्हणा. क्षेत्रफळ २१ टक्के वाढते, दारेही दहा टक्के मोठी होतात आणि पायऱ्याही. मूळ नकाशा लाकडी सांगाड्याच्या बारीक भिंतींसाठी काढलेला असेल आणि तुम्ही विटांची भिंत घालणार असाल, तर भिंतीची वाढलेली जाडी खोलीच्या आत येते की बाहेर जाते ते आधी ठरवा, नाहीतर पलंगाशेजारून चालायची जागाच ती खाऊन टाकते. नकाशात बदल करण्याचा लेखी परवाना मूळ नकाशाकाराकडून मिळाला आहे का, हेही तपासा. वास्तूच्या आराखड्यांना १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारापासून कॉपीराइटचे संरक्षण आहे आणि नकाशाची प्रत विकत घेतली म्हणजे त्यात बदल करायचा हक्क मिळाला असे आपोआप होत नाही.

माझे ठाम मत विचाराल तर, आणि ते चुकीचे असू शकते, तुमच्या तीन मागण्यांपैकी उलटून घेणे ठेवा आणि उंची व रुंदी यांपैकी एकच निवडा. दोन्ही हव्याच असतील तर हा नकाशा आवडीनिवडीची यादी म्हणून समोर ठेवा आणि घर नव्याने आखून घ्या. आम्ही शेवटी दुरुस्तीच्या पानांवर आणि फोडाफोडीवर जो खर्च केला, त्यात ते काम निघाले असते. एकाच बदलावर थांबलात तरी सही करण्यापूर्वी नव्या उंचीने काढलेला जिन्याचा छेद मागा. त्यातले चढ बोट ठेवून मोजा, एका चढाच्या उंचीने गुणा आणि गुणाकार मजल्याच्या उंचीइतका येतो का पाहा. मग प्लॉटवर फक्की मारून जिना आणि हॉल खऱ्या मापात आखा, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला त्यावरून चालायला सांगा.

तुमच्या नकाशात लँडिंगच्या पलीकडे बाहेरची भिंत आहे की एखादी खोली, आणि जिन्याच्या पायथ्यापासून सर्वांत जवळचे दार किती अंतरावर आहे, एवढे कळवलेत तर असमान टप्प्यांचा उपाय तुमच्याकडे जमण्यासारखा आहे का, ते मी मापे मांडून सांगू शकेन.