घड्याळाची पाठ बघितलीत का?

मागच्या अंकात जुन्या फर्निचरच्या लिलावांवर चार ओळी खरडल्या आणि तेव्हापासून प्रश्नांची रांग लागलीये. निम्मे प्रश्न रिडेव्हलपमेंटवाल्यांचे आहेत, घर रिकामं करायचंय आणि माळ्यावरून काय काय खाली आलंय, उरलेले नव्या फ्लॅटमध्ये काहीतरी जुनं हवं असलेल्यांचे. म्हणजे एकाच्या घरातून निघतंय ते दुसऱ्याला हवंय, फक्त मध्ये लिलाववाला उभा आहे.

प्रश्न : आमची नौपाड्यातली बिल्डिंग पाडायला घेतलीये. आजोबांचं लंबकाचं, टोले देणारं भिंतीवरचं घड्याळ आहे, चावी शाबूत, डायलवर नाव काहीच नाही, खाली बारीक अक्षरात फक्त 'मेड इन जर्मनी'. भाऊ म्हणतो इंटरनेटवर असलंच घड्याळ तीन लाखाला लागलंय. अँटिकवाला येऊन दहा हजार बोलून गेला. लिलावात द्यावं का?

उत्तर : ताई, आधी घड्याळ भिंतीवरून उतरवा. तुम्ही पाठवलेले सहाही फोटो समोरून आहेत, आणि जुन्या घड्याळाबद्दल जे काही कळायचं ते बहुतेक मागून कळतं. दार उघडा, लंबक हलकेच वर उचलून हुकातून काढून बाजूला ठेवा (हे उतरवण्याच्याही आधी, बाकी सगळं नंतर), आणि डायलमागच्या मशीनच्या मागच्या पितळी पत्र्यावर टॉर्च मारा. तिथे कंपनीचा शिक्का असतो. आठ टोकांची चांदणी आणि आत इंग्रजी 'J' अक्षर असेल तर युंगहान्स, एकमेकांवरून गेलेले दोन बाण असतील तर हॅम्बर्ग अमेरिकन कंपनी, गुस्टाव्ह बेकर असेल तर नावाबरोबर एक नंबर मिळेल आणि त्या नंबरावरून साल बऱ्यापैकी काढता येतं.

'मेड इन जर्मनी' हेसुद्धा कामाचं आहे. १८८७ साली ब्रिटिशांनी कायदा केला की बाहेरून येणाऱ्या मालावर कुठे बनला ते लिहा, तेव्हापासून हे शब्द आले, म्हणजे तुमचं घड्याळ त्यानंतरचं. पत्र्यावर डी.आर.जी.एम. (जर्मन सरकारी नोंदणीची खूण) अशी चार अक्षरं दिसली तर १८९१ नंतरचं. तुमच्या आजोबांचा काळ बघता हे सगळं जुळतंय.

आता तीन लाख. भावाला विचारा की ते घड्याळ तीन लाखाला *लावलंय* की तीन लाखाला *गेलंय*. लावायला काय, मीही माझी सायकल पाच लाखाला लावेन. लिलावघरांच्या साइटवर झालेल्या लिलावांचे निकाल असतात, खरी किंमत तिथे बघायची. ही जर्मन घड्याळं कारखान्यातून ढिगाने निघाली, बोटीने मुंबईला आली, आणि ठाणे-दादर-गिरगावात ज्याच्या घरात चार पैसे होते त्याने एक भिंतीवर लावलं. म्हणून ती सुंदर असली तरी दुर्मिळ नाहीत, आणि किंमत दुर्मिळपणाला मिळते, वयाला नाही. मोठी लिलावघरं असलं एकटं घड्याळ घेतीलच असं नाही, घेतलं तर विकणाऱ्याकडूनही कमिशन कापतात, काही ठिकाणी फोटो आणि विम्याचे पैसे वेगळे. हे आधी लेखी विचारून घ्या.

अँटिकवाला लबाडच असेल असं नाही पण त्याच्यासमोर 'तीस तारखेपर्यंत घर सोडायचंय' एवढं वाक्य बोलू नका. अजून दोघांना दाखवा. आणि तोवर घड्याळाला काही करू नका, प्लीज. डायल पिवळा पडलाय म्हणून नवा कागद चिकटवू नका, लाकडाला चकचकीत पॉलिश मारू नका, वरच्या महिरपीचा एखादा लाकडी कळस तुटून पडला असेल तर तो तुकडा डबीत जपून ठेवा. जाणकार गिऱ्हाईक सगळं मूळचं आहे का तेच बघतो.

माझं मत विचाराल तर नव्या घरात लावा. पण ट्रकमध्ये लंबक आत लटकत ठेवून नेऊ नका, लंबक ज्या पातळ पट्टीवर लटकतो ती पट्टी मोडते आणि मग सगळे म्हणतात शिफ्टिंगपासून घड्याळाला नजर लागली.

प्रश्न : आम्ही दोघं खारघरला राहतो, चौदावा मजला. एका ऑनलाइन लिलावात शिसवी कोरीव कोच बघितला, 'बॉम्बे ब्लॅकवुड, १९ वं शतक' असं लिहिलंय. ऐंशी हजारापर्यंत बोली लावायची तयारी आहे. पहिल्यांदाच करतोय, काय बघावं?

उत्तर : आवड चांगली आहे तुमची. बॉम्बे ब्लॅकवुड म्हणजे आपलं शिसवच, काळपट, जड, एका माणसाला खुर्ची उचलवत नाही असं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फोर्टात मेडोज स्ट्रीटला, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर रोडला, हे बनवणाऱ्यांची दुकानं होती. घाट युरोपियन आणि त्यावर इथल्या कारागिरांनी कोरलेल्या वेली, पानं, फुलं, पक्षी, आरपार जाळीसारखं, इतकं भरगच्च की बसणाऱ्याच्या पाठीला टोचेल. साहेब लोक आणि श्रीमंत पारशी दोघांच्याही दिवाणखान्यात असायचं, बोटीने इंग्लंडलाही जायचं. तेव्हाच्या काही इंग्रज टीकाकारांना हे अती वाटायचं आणि खरं सांगू, काही काही नग बघून मलाही वाटतं.

पण 'बॉम्बे ब्लॅकवुड' ही चिठ्ठी आज कशावरही लागते. सागवानाला काळा रंग मारून, किंवा गेल्या वीस वर्षांत कोरलेलं. म्हणून प्रीव्ह्यूला स्वतः जा, सगळी चांगली लिलावघरं लिलावाआधी माल बघू देतात, आणि तिथे खाली वाका. अक्षरशः गुडघ्यावर बसून कोचाचं पोट आणि पाठ बघा. पाठीला, जिथे भिंत असते तिथे, कारागीर मेहनत घेत नाही, तिथे लाकूड उघडं सापडतं. हाताच्या करवतीच्या रेषा सरळ पण कमीजास्त खोल असतात, मशीनच्या गोल करवतीच्या रेषा कमानीसारख्या वळलेल्या. स्क्रू बघा. स्टार म्हणतो आपण ते चौकडी खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले, ते दिसले तर निदान दुरुस्ती तरी नंतरची. कोरीवकामाच्या कोपऱ्यात नखाने खरवडा, काळा रंग नखात आला तर रामराम करून बाहेर पडा. पांढरा भुसा पडलेला दिसला तर भुंगा आत जिवंत आहे, तो तुमच्या मॉड्युलर किचनलाही पाहुणा म्हणून येईल.

हे सगळं मी शहाणपणाने सांगतोय कारण मी स्वतः आपटलोय. काही वर्षांपूर्वी एका लिलावात (नाव सांगत नाही, चूक माझीच होती) कोरीव कपाट घेतलं, फोटोवरून, रात्री साडेअकराला, दुसरा कोणीतरी माझ्यावर बोली चढवतोय या ईर्ष्येने. घरी आल्यावर आमच्या सुताराने मागून एकदा बघितलं आणि म्हणाला, साहेब वरचं कपाट एका घरचं आणि खालचं दुसऱ्या घरचं, लग्न लावलंय. वरच्या मागच्या फळ्या उभ्या, खालच्या आडव्या, आणि मधे जुन्या बिजागरीची भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली. या धंद्यात इंग्रजीतही याला लग्नच म्हणतात. लिलावघर वस्तूच्या स्थितीचा अहवाल देतं, त्यात 'काही भाग नंतरचे' असं एक वाक्य होतं. मी वाचलं नव्हतं. लिलावात 'जसं आहे तसं' विकतात, नंतर भांडून काही मिळत नाही.

आता पैसे. ऐंशी हजारावर हातोडा पडला म्हणजे ऐंशी हजारात कोच आला असं नाही, इथे नवीन माणूस हमखास फसतो. त्यावर खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून लिलावघर घेतं ते कमिशन, असतो, समजा २० टक्के धरला तर १६,००० झाले, त्या प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी म्हणजे २,८८०, वस्तूवरचा जीएसटी लागला तर तो वेगळा, पॅकिंग वेगळं, टेम्पो वेगळा, हमाल वेगळे, आणि उचलायला उशीर केलात तर गोडाऊनचं भाडं. लाखाच्या वर सहज. म्हणजे तुमची तयारी खरंच ऐंशीची असेल तर बोली साठच्या आसपास थांबवायची, आकडा कागदावर लिहून समोर ठेवायचा आणि मोबाइल बायकोच्या हातात द्यायचा. (किंवा नवऱ्याच्या, तुमच्यात जो थंड डोक्याचा असेल त्याच्या.) यादीत एक अंदाज लिहिलेला असतो, इतक्या ते इतक्या, आणि त्याच्याखाली एक राखीव किंमत असते जी सांगत नाहीत, तिथपर्यंत बोली पोचली नाही तर माल परत जातो.

शेवटचं म्हणजे लिफ्ट. हसू नका. कोचाची लांबी, लिफ्टची आतली उंची, लिफ्टचं दार, तुमचं दार आणि दारासमोरचा पॅसेज, पाचही मापं टेपने घ्या. चौदा मजले शिसवी कोच जिन्याने चढवायला हमाल काय मागतील ते तेच सांगतील, सोसायटीचा सेक्रेटरी काय म्हणेल ते मी सांगायला नको.

प्रश्न : चोरबाजारातून मिस्टरांनी पितळी, दोन्ही बाजूंनी डायल असलेलं घड्याळ आणलं, 'व्हिक्टोरिया स्टेशन लंडन १७४७' असं कोरलंय. अडीचशे वर्षांहून जुनं आहे म्हणे. लिलावात किती येतील? (ऐरोली)

उत्तर : मिस्टरांना ओरडू नका, पण राणी व्हिक्टोरियाचा जन्मच १८१९ चा. लंडनचं ते स्टेशन उघडलं १८६० ला. बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला पहिली आगगाडी आली १८५३ ला, म्हणजे व्हिक्टोरिया स्टेशनच्या आधी सात वर्षं आपलं ठाणे स्टेशन होतं! ही घड्याळं शोभेसाठी नवीच बनवतात, मागचं झाकण उघडून बघा, आत पेन्सिल सेल असेल. बाल्कनीत छान दिसेल.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत असते, तिला आजेसासूबाईंचं मोठं घड्याळ आणि हस्तिदंती नक्षीची पेटी कंटेनरमधून पाठवायची आहे. चालेल ना? (वाशी)

उत्तर : काकू, थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी ऐतिहासिक, कलात्मक वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. देशातल्या देशात मुलाबाळांना द्या, त्याला अडचण नाही. घड्याळ शंभर वर्षांच्या आतलं असावं असं वाटत असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला मिळतो, म्हणजे ही वस्तू पुरावशेष नाही असा, तो घेऊनच पाठवा, कस्टममध्ये अडकलं तर कोणी ओळखीचं कामाला येत नाही. पेटीचं मात्र विसरा. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे वन्यजीव कायद्याने बंद आहे, विकायचं नाही, लिलावात द्यायचं नाही, आणि अमेरिकेतही त्यावर कडक नियम आहेत. आणि शिसवाचं काही पाठवत असाल तर त्यालाही आंतरराष्ट्रीय परवान्याची भानगड आहे, २०१७ पासून शिसवाची सगळी जात परवाना लागणाऱ्या झाडांच्या यादीत आहे. मुलीला फोटो पाठवा आणि पुढच्या वेळी आली की पेटी उघडून दाखवा.

प्रश्न : जुन्या घड्याळात दहा वाजता तीन टोले पडतात, शिवाय रोज पाच मिनिटं मागे. शेजारचे म्हणाले खोबरेल तेल सोडा. (कोपरी)

उत्तर : शेजाऱ्यांना चहा पाजा आणि तेलाची बाटली स्वयंपाकघरात परत ठेवा. खोबरेल २४ डिग्रीच्या खाली गोठायला लागतं, डिसेंबरात आपल्याकडेसुद्धा पहाटे गोठतं, आणि वर्षभरात धूळ धरून त्याचा चीक होतो. शिवणयंत्राचं तेलही नको. घड्याळाचं वेगळं तेल असतं, ते थेंबाथेंबाने, तेही आधी मशीन खोलून साफ केल्यावर, आणि ते काम घड्याळजीचं.

टोल्यांचं सोपं आहे. जुन्या बऱ्याच घड्याळांत टोले मोजणारं चाक काट्यांकडे न बघता आपल्या क्रमाने पुढे जातं, मधे कधीतरी एका बाजूची चावी संपली की दोघांची फारकत होते. तीन पडले ना, मग तासाचा छोटा काटा बोटाने हलकेच तीनवर आणा (सैल बसवलेला असतो, अडला तर जोर करू नका), आणि मग मिनिटकाटा पुढे पुढे फिरवत खऱ्या वेळेवर या, प्रत्येक तासाला आणि अर्ध्या तासाला थांबून टोले पूर्ण पडू द्या. काटे उलटे फिरवायचे नाहीत.

मागे पडतंय त्यासाठी लंबकाच्या तबकडीखाली छोटा नट असतो, तो वर चढवला की घड्याळ पुढे जातं, खाली सोडला की मागे. अर्धा आटा फिरवा, दोन दिवस बघा, परत अर्धा. आणि टिक-टॉक कान देऊन ऐका, दोन्हींमधलं अंतर सारखं नसेल, लंगडल्यासारखं चालत असेल, तर घड्याळ तिरकं लागलंय, खालून डावी-उजवीकडे सरकवत सारखं ऐकू येईपर्यंत आणा. आणि मग भिंतीवर पेन्सिलने खूण करून ठेवा, कारण दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी ते हलवणारच.