मुलाचा फॉर्म बाजूला ठेवा, आधी वजनकाट्याचं बोलू

प्रश्न : नाशिकच्या एका हॉटेलात मी 29 वर्षं आचारी आहे. भांडी घासण्यापासून सुरुवात केली. आता शेठच्या मुलाने कारभार हातात घेतला. भटारखान्यात केओटी म्हणजे ऑर्डरच्या कागदी चिठ्ठीऐवजी स्क्रीन आला, कॉम्बी ओव्हन आला, वजनकाटा आला आणि 26 वर्षांचा डिग्रीवाला शेफ आला. म्हणतो, सगळ्या ग्रेव्ह्या ग्रॅममध्ये लिहून द्या. दिल्या, पण काळ्या रश्श्यातले दोन जिन्नस, दगडफूल आणि शेंगदाण्याचं कूट, मुद्दाम सांगितले नाहीत. मुलगा बारावी कॉमर्स झाला, 61 टक्के. त्याला बीकॉम करून अकाउंट्समध्ये जायचंय. मला वाटतं त्याने हॉटेल मॅनेजमेंटच करावं, म्हणजे डिग्रीवरून त्याला कुणी बोलणार नाही. कोणतं कॉलेज चांगलं?

उत्तर : नमस्कार. कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. तुमचं पत्र तीन पानांचं आहे. त्यात मुलाला काय हवंय ते एका वाक्यात आटोपलंय, बाकी सगळा तो नवा शेफ आहे. भटारखान्यात तुम्हाला जे बोल लागले, त्याची परतफेड मुलाने तीन-चार वर्षं शिकून करायची, असा हा बेत आहे. त्याला स्वयंपाकाची आवड आहे, असं पत्रात कुठेही दिसलं नाही. आणि डिग्री घेऊन तो बाहेर पडला की पहिल्याच दिवशी शेफ होणार नाही. बहुतेक ठिकाणी प्रशिक्षणार्थी किंवा कॉमी, म्हणजे शेफच्या हाताखालचा कनिष्ठ आचारी, म्हणून लागेल, कांदे सोलेल, रात्री बारापर्यंत उभा राहील, आणि त्याला बोलणारेही भेटतील. तुमच्यासारखाच एखादा जुना वस्ताद त्यात पहिला असेल.

आता ते दोन जिन्नस. दगडफुलाचं एक वेळ सोडून देऊ, रस्सा थोडा फिका लागेल. शेंगदाण्याचं तसं नाही. काही लोकांना त्याची इतकी तीव्र ॲलर्जी असते की जीव जाऊ शकतो. गिऱ्हाईक विचारेल, "रश्श्यात दाणे आहेत का?" वेटर शेफला विचारेल, शेफ तुमच्याच कागदावर बघून "नाही" म्हणेल. रस्सा तर आजही तुमच्याच हातचा आहे, म्हणजे कूट त्यात असणारच. तुम्ही शेफची जिरवायला गेलात, पण ताट तिसऱ्याच माणसापुढे जाणार आहे. हे उद्या सकाळी, भट्टी पेटायच्या आधी सांगून टाका. विसरलो होतो म्हणा हवं तर, पण सांगा.

माप लिहून दिलं की आचाऱ्याची गरज संपते, ही तुमची भीती मला अनेक अनुभवी आचाऱ्यांच्या बोलण्यात दिसते, आणि ती चुकीची आहे. दोन किलो कांद्याचं माप दहाने गुणून बघा. वीस किलो कांदा खोल पातेल्यात घातला की पाणी लवकर उडत नाही. कांदा परतला जायच्या ऐवजी शिजत बसतो आणि रंग येतच नाही. शिवाय नाशिकच्या माणसाला मी काय सांगायचं, कांदाचाळीत साठवलेला उन्हाळी कांदा आणि दिवाळीच्या सुमारास येणारा नवा लाल कांदा एकाच वेळेत तांबूस होत नाहीत, नव्यात पाणी जास्त. त्या डिग्रीवाल्या शेफने लिहिलेल्या कागदावर "कांदा 20 किलो, 40 मिनिटे परतणे" एवढंच येईल. तुम्ही लिहिलंत तर येईल : पातेलं पसरट घ्या, दोन घाण्यांत करा, कांदा नवा असेल तर वेळ वाढवा, आणि परतून अमुक किलो उरला की थांबा. ते शेवटचं वजन आजवर तुम्ही डोळ्यांनी करत आलात. एकदा काट्यावर टाकून बघा, तुमचा अंदाज आकड्यात उतरेल आणि तुमच्या सुट्टीच्या दिवशीही रस्सा तोच राहील. मात्र हे काम फुकट करू नका. कृतिपत्रकावर नाव तुमचं आणि पगारात वाढ, हे शेठच्या मुलाशी आधी बोला. तो नाही म्हणाला तर निदान तुम्हाला कळेल की तिथे तुमची किंमत काय आहे.

ओव्हनला घाबरायचं कारण नाही. वाफ आणि गरम हवा एकत्र करणारं हे यंत्र जर्मनीत 1976 पासून आहे. भात, भाजलेलं चिकन, एकसारखं गरम करणं ही कामं त्याला द्या, मसाला परतणं तुमच्याकडेच राहील. स्क्रीनवरचं इंग्रजी अडत असेल तर बऱ्याच बिलिंग प्रणालींत पदार्थांची नावं देवनागरीत टाकता येतात. मागून घ्या, यात कमीपणा कसला?

कागद हवा असेल तर तो तुम्ही मिळवा. अनुभवाच्या जोरावर परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी आरपीएल नावाची सरकारी सोय आहे. दुसरं, एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं फोस्टॅक नावाचं प्रशिक्षण. दर 25 कामगारांमागे अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेला एक पर्यवेक्षक असावा, असं एफएसएसएआय सांगते. तो पर्यवेक्षक तुम्हीच का नाही? मराठीतून शिकवणारा प्रशिक्षक आहे का, एवढं आधी विचारून घ्या.

हॉटेल मॅनेजमेंटसाठी केंद्राची एनसीएचएम जेईई आणि राज्याची सीईटी या प्रवेश परीक्षा आहेत, कॉमर्सवाल्यालाही दोन्ही देता येतात. पण फॉर्म त्याने स्वतःहून मागितला तरच भरा. 61 टक्क्यांत बीकॉम आरामात होतं, आणि हिशोब कळणारा मुलगा घरात असेल तर पगारवाढीची बोलणी करायला जाण्याआधी त्याच्यासोबत बसा. रश्श्याच्या एका वाटीला खर्च किती येतो आणि ती किती रुपयांना विकली जाते, हा आकडा तो तुम्हाला काढून देईल. आणि त्याला काही विचारायचं असेल तर पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या.