उताऱ्यात लेखकाला नेमकं काय म्हणायचंय?

प्रश्न : मी यावल तालुक्यातल्या खेड्यात राहते, घरी केळीची शेती आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, राज्यसेवेची तयारी करते. रोज अग्रलेख वाचते, तरी सीसॅटमध्ये (पूर्व परीक्षेच्या पेपर 2 मध्ये) ‘लेखकाचे मुख्य प्रतिपादन कोणते?’ असे प्रश्न चुकतात. दोन पर्याय हमखास बरोबर वाटतात. पुण्याला क्लास लावायचा तर बाबांना कर्ज काढावं लागेल. काय करू?

उत्तर : ताई, तू पाठवलेलं अग्रलेखाचं कात्रण पाहिलं. जवळजवळ प्रत्येक ओळीखाली रेघ आहे, आणि अडचण तिथेच आहे. ओळ महत्त्वाची वाटली की तू रेघ मारतेस. ती ओळ तिथे कशासाठी आली, हे विचारत नाहीस. लेखात एक म्हणणं असं असतं, जे तुला पटावं म्हणून लेखकाने बाकीचं सगळं लिहिलेलं असतं. तो त्याचा दावा. उरलेली वाक्यं त्याला आधार देतात, पार्श्वभूमी सांगतात किंवा समोरच्याचा आक्षेप मान्य करून पुढे जातात.

तुझ्या घरच्या विषयावर मीच एक उतारा लिहितो :

‘केळीला मोकाट पाणी देण्याचे दिवस संपले. ठिबकमुळे पाणी थेट मुळांशी पडते आणि वाया कमी जाते. यावल-रावेर पट्ट्यात भूजल खोल गेले आहे. मात्र ठिबकचा सुरुवातीचा खर्च लहान शेतकऱ्याला जड जातो. त्याला अनुदान वेळेवर मिळालेच पाहिजे.’

मुख्य प्रतिपादन विचारलं, तर ‘केळीसाठी ठिबक फायदेशीर आहे’ हा पर्याय तुला खुणावेल. ते खरं आहे, उताऱ्यातही आहे, तरी उत्तर ते नाही. लेखक तेवढ्यावर थांबत नाही, त्याच्या आधाराने अनुदानाकडे जातो. शंका आली की दोन वाक्यांमध्ये ‘कारण’ घालून बघ. ‘अनुदान मिळाले पाहिजे, कारण खर्च जड जातो’ हे जमतं. उलटं कर : ‘खर्च जड जातो, कारण अनुदान मिळाले पाहिजे.’ याला काही अर्थच नाही. म्हणजे अनुदान हा दावा आणि खर्च हा त्याचा आधार. ‘मात्र’ दिसला म्हणून लेखक ठिबकच्या विरोधात आहे असं धरणारी मुलंही मी बघतो. इथे तो ‘मात्र’ दाव्याच्याच बाजूने उभा आहे.

तुझ्यासारख्या शेतकऱ्याच्या मुलीला आणखी एक धोका आहे. ‘ठिबकमधून विद्राव्य खते देता येतात’ असा पर्याय आला, तर तुझा हात पटकन तिकडे जाईल, कारण बाबांना ते करताना तू पाहिलंय. पण उताऱ्यात ते कुठेच नाही. तुला माहीत असलेलं खरं आणि लेखकाने सांगितलेलं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शीक. तुझे दोन पर्यायांतले घोळ बहुतेक इथेच होत असणार.

आता आधार पुरेसा आहे का ते बघ. अनुदान का हवं, हे उतारा सांगतो. ‘वेळेवर’ का, याला आधार शून्य. उशीर झाल्यामुळे शेतकऱ्यांनी ठिबक बसवणं लांबणीवर टाकलं, असं एखादं वाक्य हवं होतं. ‘कोणत्या माहितीमुळे लेखकाचा युक्तिवाद बळकट होईल?’ या प्रश्नाचं उत्तर अशाच रिकाम्या जागेत सापडतं.

पुराव्याचा हा आग्रह खानदेशाला नवा नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून जुनी दप्तरं जमवली आणि मराठ्यांच्या इतिहासाची साधनं 22 खंडांत छापली. इतिहास लिहायचा तर अस्सल कागद हवा, हे त्यांचं म्हणणं. 1926 साली ते धुळ्यातच वारले. तिथलं राजवाडे संशोधन मंडळ एकदा जरूर बघून ये.

परीक्षेचं म्हणशील तर पेपर 2 मध्ये 80 प्रश्न, 200 गुण, दोन तास. तो पात्रतेपुरता आहे, 33 टक्के म्हणजे 66 गुण लागतात. एक प्रश्न अडीच गुणांचा. एकही चूक नसेल तर 27 बरोबर उत्तरांत काम होतं. चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक चतुर्थांश कापतात, म्हणून थोडे जास्त धर, पण सगळे उतारे उरकायची घाई नको. कमी उतारे घे, नीट वाच.

यासाठी कर्ज काढू नकोस. रोज एकच अग्रलेख घे, रेघा बंद कर. वहीत दावा स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिही, खाली त्याचे आधार. लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका फुकट आहेत. चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे लिही : आधारालाच दावा समजले, की घरचं ज्ञान मध्ये आलं? पूर्व परीक्षा निघाली की पुण्याचं बघू. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, तिथे दावाही तुझा आणि आधारही तुलाच द्यायचे. ती उत्तरं तपासून देणाऱ्या माणसासाठी पैसे मोजले तर चालतील.