दीड-दोन वर्षांच्या पिल्लाला घरात काय खेळवायचं?

अगं, आधी महागड्या खेळण्यांचा विचार सोड. या वयात एका खेळात 5-10 मिनिटं रमलं तरी पुष्कळ. जुने कागद टराटरा फाडू दे, मग तेच तुकडे गोंद फासलेल्या पुठ्ठ्यावर चिकटवू दे. वाकडंतिकडं झालं तर होऊ दे, आपण मध्ये हात घालायचा नाही (मी घालायचे, लेक सरळ उठून जायची!). 2 वाट्या मैदा, 1 वाटी मीठ आणि लागेल तसं पाणी घालून घट्ट गोळा मळ. थापायला, बोटं खुपसायला झकास. फक्त तो तोंडात जाऊ देऊ नकोस, मीठ फार असतं, शेजारीच बस. मणी, बटणं 3 वर्षांपर्यंत नकोतच, घशात अडकतात. अगदीच किरकिर चालू झाली तर परातीत थोडं पाणी आणि दोन पेले दे. ओतत बसेल, तूही तिथेच बस.