मागचा दिवा आरशात ठेव

प्रिय,

तुझा मेसेज दोनदा वाचला. मोटारसायकल क्लबच्या राईडला ताम्हिणी घाटात तू मागे पडलास, विळ्याच्या फाट्यावर कुणी थांबलेलं नव्हतं, कोलाडचा रस्ता धरायचा की माणगावचा हे तुला एका टपरीवाल्याला विचारावं लागलं. माणगावला पोचलास तेव्हा बाकीच्यांचा नाश्ता उरकला होता. वर रात्री ग्रुपवर मेसेज, की ज्यांना पेस जमत नाही त्यांनी छोट्या राईडला यावं. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर तू मला विचारतोस, काका, गाडी कुठली घेऊ, ३९० सीसीची की ६५० ची?

कुठलीही घेऊ नकोस. तुझ्या दीडशेच्या पल्सरला १४ बीएचपीची ताकद आणि त्या लीडच्या, म्हणजे ताफ्याच्या सर्वांत पुढे चालणाऱ्याच्या, ६५० ला ४७, हे मला ठाऊक आहे. पण भर पावसात, कडेला शेवाळ आणि वळणावळणावर धबधबा बघायला लावलेल्या मोटारी असताना ते ४७ वापरायला ताम्हिणीत जागा कुठे आहे? तू मागे पडला नाहीस रे. तुझ्या पुढच्याने तुला सोडलं. ग्रुपमध्ये चालवताना पुढची गाडी पकडणं हे कुणाचंच काम नसतं. मागची गाडी सांभाळणं हे प्रत्येकाचं काम असतं. मागच्या गाडीचा पुढचा दिवा आपल्या आरशात दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की ॲक्सिलरेटरची मूठ सैल कर. तरी दिसला नाही तर सुरक्षित जागा बघून बाजूला थांब. मी राईडबद्दल जे काही शिकलो त्यातलं हे एवढंच मी कुणापुढे हट्टाने मांडतो.

का, ते नीट समजून घे. पंधरा गाड्यांचा ताफा पौडला एका स्पीडब्रेकरवरून जातोय असं धर. लीड ब्रेकर ओलांडतो आणि परत साठ पकडतो. पंधरावा तेव्हा अजून ब्रेकरच्या अलीकडेच असतो. त्याला ताफा गाठायचा तर साठ पुरत नाही, ऐंशी-नव्वद लागतात. पुढच्या गावात पुन्हा तेच. म्हणजे लीड निवांत साठने चालल्याचं समाधान मानतो आणि शेपटाचा माणूस दिवसभर जीव काढत पळत असतो. आणि शेपटाला कोण असतं? नवा माणूस, लहान इंजिनवाला, किंवा मागे बायकोला बसवून आलेला. खरं तर नव्याला लीडच्या लगेच मागे ठेवायचं असतं, ताफ्याचा वेग त्याच्यावरून ठरावा म्हणून. तुला कुठे ठेवलं होतं? शेपटाकडे. आणि स्वीप, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी राहून मागे पडलेल्यांना सांभाळणारा, तोसुद्धा मुळशीच्या पुढे तुला ओलांडून गेला, असं तूच लिहिलंयस. जो ओलांडून जातो त्याला स्वीप म्हणू नकोस.

आता प्रत्येकाने मागचा दिवा धरला तर काय होतं बघ. पंधरावा हळू झाला की चौदावा हळू होतो, मग तेरावा, आणि दोन-चार वळणांत लीडलाही आपोआप कळतं. फोन नको, रेंज नको. हेल्मेटमधून एकमेकांशी बोलायच्या मेश इंटरकॉमची भलामण माझ्यापुढे करू नकोस. लीड इंटरकॉमवर विचारतो, 'सगळे ओके?' तुझ्यासारखा पोरगा धापा टाकत म्हणतो, 'ओके.' कारण चारचौघांत नाही कोण म्हणणार? आरशात मात्र दिवा असतो किंवा नसतो. २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, त्यामुळे दिसत नव्हता ही सबबही उरलेली नाही. तुझी गाडी त्याआधीची असेल तर बटण चालू ठेव, दिवसासुद्धा.

आणि घाटात गाडी दरीच्या बाजूला घसरली तर रस्त्यावर काहीच उरत नाही हे तू कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय. ओल्या डांबरावर एक ओरखडा आणि कठड्यापाशी मोडलेलं गवत, बस. मागून येणाऱ्या मोटारी त्यावरून सरळ निघून जातात. तो माणूस पडला हे सांगू शकणारा एकच साक्षीदार असतो, त्याच्या पुढच्या गाडीचा आरसा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने 'गोल्डन अवर' शब्दांत बांधला गेलाय, इजा झाल्यानंतरचा पहिला तास. तुझे लोक माणगावला मिसळ खात होते तो तासच होता. तुला काही झालं नाही, हे त्यांचं नशीब.

या हट्टापायी माझं काय झालं ते तू कुणाकडून तरी ऐकलंच असशील. आमच्या जुन्या क्लबात मी नियम केला होता, शेपूट येईपर्यंत फाटा सोडायचा नाही. लीडच्या मागचा माणूस फाट्यावर उभा राहणार, हाताने दिशा दाखवणार, स्वीप आला की त्याच्या पुढे लागणार. वरंध घाटाच्या एका राईडला कुणाची तरी ट्यूब गेली आणि सगळे भोरला तासभर तिष्ठत राहिले. भूक, ऊन, वैताग. तिथे भर रस्त्यात मला ऐकवलं गेलं की तू राईडची शाळा करून टाकलीस. त्यानंतर अर्ध्या लोकांनी वेगळा ग्रुप काढला. त्यांच्यात माझा कॉलेजपासूनचा मित्र होता. आता लग्नकार्यात भेटलो तर हसतो, पुढे बोलत नाही. त्याची आठवण येते. रविवारी पहाटे चेनला वंगण लावताना तर हटकून येते. पण तो तासभर मी सगळ्यांना थांबवलं हे चुकलं असं मला आजही वाटत नाही, आणि तो येऊन म्हणाला की सोड तो नियम, तर मी सोडणार नाही. ट्यूब गेलेला माणूस एकटा नव्हता. स्वीप त्याच्याजवळ होता, आणि फाट्यावर आम्ही होतो. यासाठीच तर लोक ग्रुपने जातात. एकट्याने जायचं तर रस्ता कुणी अडवलाय?

आता थोडं तुझ्याबद्दल. एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये तुझ्या मागे कोण होतं याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. स्वीप निघून गेल्यावर तू एकटाच होतास, मान्य. पण त्याच्या आधी, चांदणी चौकापासून पिरंगुटपर्यंत? तुझा ताफ्यात नंबर कितवा होता, मागे कुठली गाडी होती, सांगता येईल का? नाही ना. मग उद्या ६५० घेऊन पुढे गेलास की तूही कुणाला तरी विळ्याला सोडशील. म्हणून गाडीचं नाव काढू नकोस असं म्हणतोय.

येत्या रविवारी जाच. क्लब सोडायची भाषा एवढ्यात नको, माणसं वाईट नसतील, त्यांना कुणी सांगितलेलं नसेल. निघण्याआधी चहाला सगळे जमतात तेव्हा सरळ विचार, आज स्वीप कोण, फाट्यावर थांबणार कोण, आणि मला लीडच्या मागे जागा मिळेल का. सरळ रस्त्यावर तिरक्या रांगेत, म्हणजे एक गाडी डावीकडे, एक उजवीकडे, आणि आपल्या नाकासमोरच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर. साठच्या वेगाला ते ३३ मीटर भरतं, पावसात दुप्पट ठेव. घाट लागला की एकेरी रांग. कुणी हसलं तर हसू दे. उत्तरच मिळालं नाही तर मात्र चहा संपव आणि घरी ये.

आणि बुधवारी संध्याकाळी गाडी घेऊन माझ्याकडे ये. तू पाठवलेल्या फोटोत दोन्ही आरसे आत वळलेले आहेत. त्यात तुला स्वतःची कोपरं सोडून काही दिसत नसणार. १४ चा पाना माझ्याकडे आहे.

तुझा,
काका