एफडी मोडून नवा कॉम्प्युटर? ताई, ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे

नागपूरच्या महाल भागातल्या एका ताईंनी डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला लिहिलं आहे. त्या घरीच लग्नपत्रिका आणि बायोडाटाचं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची मांडणी, करतात. कॉम्प्युटर २०१७ चा, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, त्यावर विंडोज १०. बर्डीवरचा दुकानदार म्हणाला, "विंडोज १० बंद झालं. ४८ हजारांत नवीन सेट घ्या, नाहीतर २,५०० द्या, यावरच ११ टाकून देतो." बँकेत १ लाख २० हजारांची एफडी आहे आणि मुलगा बारावीला. एफडी मोडू, ईएमआय घेऊ, की २,५०० देऊन मोकळी होऊ, असं त्या विचारतात.

ताई, आत्ता यातलं काहीच करू नका.

आधी "बंद झालं" म्हणजे काय ते पाहू. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सुरक्षेचे मोफत अपडेट देणं थांबवलं. मशीन पूर्वीसारखंच चालतं, पण यापुढे सापडलेली भोकं कोणी बुजवणार नाही. तुमच्या बाबतीत हा धोका खरा आहे, कारण गिऱ्हाईक तुमच्याकडे पेन ड्राइव्हवर फोटो घेऊन येतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरच्या कॉम्प्युटरांवरच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा त्यावरचा अपडेट मार्चमध्येच आलेला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता, ते सापडले. तुमची इतक्या वर्षांची डिझाइनं एकाच डिस्कवर आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. मला ४८ हजारांपेक्षा याची जास्त काळजी वाटते. या आठवड्यात एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, सगळी कॉपी करा आणि काम झालं की काढून कपाटात ठेवा. सतत जोडलेली राहिली तर तीही कुलूपबंद होईल.

दुसरं, मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदतवाढ दिली आहे. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असेल, तर विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करून सेटिंग्ज सिंक करू दिल्या, तर एक रुपयाही लागत नाही. तसं नको असेल तर एकदाच ३० डॉलर. तुम्हाला दुकानदाराने हे सांगितलं नाही, याचा मला राग आला.

२,५०० चा मार्ग तर मुळीच नको. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. तुमचा प्रोसेसर त्या यादीत नाही. अट चुकवून ११ बसवता येतं, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच, असं मायक्रोसॉफ्ट म्हणत नाही. म्हणजे ज्यासाठी पैसे द्यायचे, तेच पक्कं नाही. शिवाय मशीन पात्र असेल आणि विंडोज १० अस्सल असेल, तर ११ फुकटच मिळतं.

आता तुमचं वर्ष बघा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. ऐन लग्नसराईत महिनाभर पत्रिका नाहीत, आणि आषाढी एकादशीपासून चातुर्मास. नेमक्या त्याच दिवसांत मुलाच्या प्रवेशाची फी येणार. अशा वर्षी दरमहा ४,००० चा हप्ता अंगावर घेऊ नका. 'नो कॉस्ट' म्हटला तरी प्रोसेसिंग फी असते आणि रोखीची सूट जाते. एफडी प्रवेशासाठी राहू द्या. मुदतीआधी मोडली तर बँक व्याजही कापते.

दुकानदाराच्या ४८ हजारांत ९,५०० रुपये मॉनिटर आणि यूपीएसचे आहेत. तुमचे दोन्ही चांगले चालतात, मग नवे कशाला? उरले ३८,५००. जानेवारी ते एप्रिल महिन्याला ७,००० वेगळ्या खात्यात टाका, मे ते सप्टेंबर २,००० पुरे. ३८,००० जमतात. वरचे पाचशे कुठूनही निघतील.

"टॅक्स वाचेल" असं कोणी म्हणालं, तरी ते मनावर घेऊ नका. कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो हे खरं, पण तुम्ही आयकराच्या ४४एडी कलमाखाली अंदाजित नफा दाखवून रिटर्न भरता. त्यात घसारा धरलेलाच असतो, वेगळा मिळत नाही. जीएसटी नोंदणी नाही, म्हणजे किमतीतला १८ टक्के करही परत येणार नाही.

एक खर्च मात्र कोटेशनमध्ये नाही आणि तोच मोठा निघू शकतो. तुमचं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या परवान्याच्या चावीवर चालतं आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर कोरल जुनं आहे. ते डोंगल विंडोज ११ वर चालेल का, नसेल तर नव्या आवृत्तीला किती पडतील, हे कंपनीला आत्ताच ईमेलवर विचारा. प्रिंटरच्या ड्रायव्हरचंही तेच. उत्तर "नवीन घ्यावं लागेल" असं आलं, तर तो आकडा ३८,५०० मध्ये मिळवून मला पुन्हा लिहा; मग वापरलेलं, पण आठव्या पिढीपुढचं, वॉरंटीचं मशीन घेऊन बेरीज कुठे बसते ते बघू. तोवर बँकेचे व्यवहार या कॉम्प्युटरवरून करू नका, फोनवरून करा.