अमेरिकेतल्या 'थेरप्युटिक' बोर्डिंग स्कूलमध्ये मुलीला पाठवावं का?

मुलगी 16 वर्षांची, शाळा बुडवते, गांजा ओढते, दोनदा घरातून पळाली, आणि कन्सल्टंटने यूटामधली 'थेरप्युटिक' शाळा, म्हणजे हाताबाहेर गेलेल्या मुलांना उपचाराच्या नावाखाली ठेवून घेणारी निवासी शाळा, सुचवली आहे, असं तुम्ही लिहिलंय. 2017 मध्ये मी माझ्या मुलाला यूटातल्याच अशा एका शाळेत पाठवलं होतं. पाठवू नका.

सुरुवात फोनपासून करतो. पहिला फोन पाच आठवड्यांनी आला. दहा मिनिटं, स्पीकरवर, शेजारी थेरपिस्ट, आणि फक्त इंग्रजीत बोलायची अट. घरात आम्ही मराठीच बोलतो. सगळं छान चाललंय म्हणाला आणि शेवटी घाईघाईत, "बाबा, मला घेऊन जा ना." फोन कट. नियम मोडला म्हणून त्याची 'लेव्हल', म्हणजे वागणुकीवरून दिलेली पायरी, खाली आली आणि पुढचा फोन महिनाभर लांबला.

मी काय केलं? काही नाही. पालकांच्या पुस्तिकेत आधीच छापलेलं होतं की मूल रडेल, छळ होतो म्हणेल, ते 'मॅनिप्युलेशन' समजा. मी समजलो. आणखी सात महिने. तक्रार येण्याआधीच ती खोटी ठरवून ठेवायची, यावर तर हा धंदा चालतो.

त्यांची 'ग्रुप' थेरपी म्हणजे एकाला मध्ये बसवून बाकीच्यांनी तासभर त्याच्यावर ओरडायचं. याचं मूळ मला फार उशिरा कळलं: 1958 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली सिनॅनॉन ही व्यसनमुक्तीची संस्था. तिथे याला 'गेम' म्हणत. पुढे ती संस्था पंथच झाली, पण पद्धत मुलांच्या शाळांत उतरली.

कन्सल्टंट म्हणेल, आता कायदे आलेत. आलेत, थोडे. लहानपणी स्वतः यूटातल्या अशा शाळेत राहिलेल्या पॅरिस हिल्टन या सेलिब्रिटीने साक्ष दिल्यावर 2021 मध्ये यूटाने कायदा केला, त्यात मुलांना आठवड्यातून एकदा घरच्यांशी खासगीत बोलू देणं बंधनकारक आहे. डिसेंबर 2024 चा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा मुख्यतः अभ्यास करायला सांगतो, देखरेख राज्यांवरच. आणि 2020 मध्ये मिशिगनमधल्या अशाच एका निवासी संस्थेत 16 वर्षांच्या मुलाने सँडविच फेकलं म्हणून कर्मचाऱ्यांनी त्याला दाबून धरलं, त्यात तो गेला. त्या संस्थेला सरकारी परवाना होता.

आधी घरी राहून होणारे उपचार बघा: फॅमिली थेरपी, आठवड्यातून तीन-चार दिवसांचा आउटपेशंट प्रोग्राम. एवढं करूनही पाठवायचीच वेळ आली, तर शाळेला विचारा: मी कधीही, न कळवता येऊ शकतो का? ती माझ्याशी एकटी, मराठीत बोलू शकते का? उत्तरात 'पहिले काही आठवडे सोडून' आलं की फोन ठेवा.

आणि 'ट्रान्सपोर्ट'वाले, म्हणजे मुलाला घरातून उचलून शाळेत पोचवणारी भाड्याची माणसं, बोलावू नका. आमच्याकडे पहाटे चारला दोन धिप्पाड माणसं आली, पैसे मीच भरले होते. पळू नये म्हणून त्यांनी त्याच्या बुटांच्या लेस काढून घेतल्या. त्या जिन्यावर पडल्या होत्या, नंतर मी उचलल्या.